जुलाबाच्या लेकराला ओआरएस का मिळत नाही? ठाऊक असणे आणि करणे यांतल्या अंतराविषयी

प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन वर्षांपूर्वी रुजू झालेल्या एका वैद्यकीय अधिकाऱ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: अतिसाराच्या उपचाराचे प्रशिक्षण दरवर्षी होते, भिंतीवर तक्ते लागलेले आहेत, ओआरएसची म्हणजे जलसंजीवनीची पाकिटे औषध भांडारात पडून आहेत, आणि तरीही आमच्या भागातील सरकारी काय नि खासगी काय, दवाखान्यात जुलाब झालेले मूल आले की त्याला अँटिबायोटिक आणि सुई मिळते, ओआरएस मिळेलच असे नाही. विद्यापीठांतून अलीकडे झालेल्या संशोधनात याचे कारण सापडते का, आणि सापडत असेल तर एका केंद्राच्या पातळीवर त्याचा उपयोग करता येतो का?

सापडते, आणि उपयोगही करता येतो. मात्र त्यासाठी आधी एक समजूत सोडावी लागते, जी सोडायला मला स्वतःला फार वर्षे लागली. ती समजूत अशी की, डॉक्टर चुकीचा उपचार देतो त्या अर्थी त्याला बरोबर उपचार ठाऊक नसणार. मी सार्वजनिक आरोग्य सेवेत सव्वीस वर्षे काढली, त्यांतली शेवटची नऊ प्रशिक्षण देण्यात. प्रशिक्षणाआधी एक चाचणी घ्यायची, नंतर तीच चाचणी पुन्हा घ्यायची आणि दोन्हींतल्या गुणांचा फरक अहवालात लिहायचा, असा शिरस्ता होता. फरक नेहमीच चांगला दिसायचा. तो दवाखान्यातल्या टेबलापर्यंत पोहोचतो की नाही, हे विचारणारा रकाना अहवालात नव्हता.

एकदा श्रावणातल्या एका बाजाराच्या दिवशी मी पर्यवेक्षणासाठी एका केंद्राच्या ओपीडीत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलो होतो. समोरचे डॉक्टर माझेच प्रशिक्षणार्थी, आणि त्या तुकडीत अतिसाराच्या चाचणीत पूर्ण गुण मिळवलेले. एक आजी दीड वर्षाच्या नातवाला कडेवर घेऊन आली. कालपासून पातळ शी, रक्त नाही, ताप नाही, पोरगे मलूल पण पाणी मागत होते. डॉक्टरांनी पोटाची कातडी चिमटीत धरून पाहिली, डोळे पाहिले, म्हणजे तपासणी अगदी शिकवल्याप्रमाणे झाली, आणि मग केसपेपरवर मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकचे सिरप आणि एक इंजेक्शन लिहिले. ओआरएस नाही, त्याच्या जोडीला द्यायचे झिंक नाही. आजी गेल्यावर मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "सर, नुसते पाकीट हातात ठेवले तर म्हातारी म्हणेल, डॉक्टरने काहीच दिले नाही. इथून उठून ती बाजारातल्या दवाखान्यात जाईल आणि पोराला बाटली लावून आणेल." मी त्या दिवशीच्या भेटीच्या अहवालात लिहिले: "ज्ञान अपुरे, पुनर्प्रशिक्षण आवश्यक." अहवालाच्या नमुन्यात त्याच्या सर्वांत जवळ जाणारा पर्याय तोच होता.

आता संशोधनाकडे येऊ. डॉक्टरला काय ठाऊक आहे आणि तो प्रत्यक्षात काय करतो, या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजायच्या, ही कल्पना भारताच्या संदर्भात जिष्णू दास आणि जेफ्री हॅमर या अर्थशास्त्रज्ञांनी दिल्लीतल्या वस्त्यांमध्ये प्रथम नेटाने राबवली. आधी डॉक्टरांपुढे कल्पित रुग्ण ठेवून "तुम्ही काय विचाराल, काय द्याल" हे नोंदवले, आणि नंतर त्यांच्याच दवाखान्यात दिवसभर निरीक्षक बसवून प्रत्यक्ष रुग्णांचे काय होते ते टिपले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामातून दिसले की, तोंडी सांगितलेल्या उपचारापेक्षा प्रत्यक्ष उपचार बराच खाली राहतो, आणि ही घसरण सरकारी दवाखान्यांत अधिक आहे. मात्र समोर निरीक्षक बसला की माणूस सावरून वागतो, आणि येणाऱ्या रुग्णाला नेमका कोणता आजार आहे हे निरीक्षकाला तरी कुठे ठाऊक असते? या दोन्ही अडचणींवर तोडगा म्हणून पुढच्या अभ्यासांत प्रमाणित रुग्ण आले.

प्रमाणित रुग्ण म्हणजे रुग्णाचे सोंग घेतलेला प्रशिक्षित माणूस. तो त्याच भागातला असतो, त्याचे नाव, गाव, व्यवसाय, घरची परिस्थिती हे सगळे आधी बेतलेले आणि पाठ केलेले असते, आणि कोणता प्रश्न विचारला तर काय उत्तर द्यायचे हेही ठरलेले असते. सुई टोचून घ्यायची वेळ आली तर ती कशी टाळायची, हेसुद्धा शिकवलेले असते. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात त्याच्याकडून सगळे वदवून घेतात: काय विचारले, नाडी पाहिली का, छातीला नळी लावली का, काय लिहून दिले, किती पैसे घेतले. आजार कोणता हे संशोधकांनीच ठरवलेले असल्यामुळे बरोबर उपचार कोणता, याबद्दल वाद उरत नाही, आणि एकच "आजार" शंभर दवाखान्यांत जसाच्या तसा पाठवता येतो. आमच्या खात्यातल्या एका मित्राला मी ही पद्धत पहिल्यांदा सांगितली, तेव्हा तो म्हणाला की ही तर बहुरूप्याची कला झाली. मला ते वर्णन अगदी नेमके वाटले.

मध्य प्रदेशातली खेडी आणि दिल्ली शहर इथल्या ३०५ उपचारकांकडे असे २२ प्रमाणित रुग्ण पाठवून झालेल्या ९२६ भेटींचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन आजार निवडले होते: हृदयविकाराच्या झटक्याआधीचे छातीत दुखणे, दमा, आणि घरी असलेल्या मुलाची हगवण. खेड्यांतल्या बहुसंख्य उपचारकांकडे वैद्यकीय पदवी नव्हती, भेट सरासरी चार मिनिटेही चालत नव्हती, अचूक निदान क्वचित होत होते आणि अनावश्यक औषधे मुबलक मिळत होती. पदवीधर आणि बिनपदवीचे यांच्या कामातले अंतर अपेक्षेपेक्षा बरेच कमी निघाले.

२०१६ मध्ये दास, अलका होला, आकाश मोहपाल आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सान डिएगो शाखेतील कार्तिक मुरलीधरन यांनी मध्य प्रदेशातूनच पुढचा पुरावा मांडला, आणि त्यातला एक भाग प्रत्येक वैद्यकीय अधिकाऱ्याने एकदा तरी शांतपणे वाचावा असा आहे. जे सरकारी डॉक्टर स्वतःचा खासगी दवाखानाही चालवतात, त्यांच्या दोन्ही ठिकाणी तोच रुग्ण, तोच आजार घेऊन गेला. ज्ञान तेच, पदवी तीच, माणूसही तोच. तरी खासगी दवाखान्यात त्याने अधिक प्रश्न विचारले, अधिक तपासले आणि बरोबर उपचारही अधिक वेळा दिला. त्याच अभ्यासात असेही दिसले की, सरकारी पगार कमी-जास्त असण्याचा कामाच्या गुणवत्तेशी संबंध नव्हता, आणि खासगीत जास्त पैसे घेणारे अधिक नीट तपासत होते तसेच अनावश्यक औषधेही अधिक देत होते. हा अभ्यास वाचून दोन प्रकारची माणसे खूश होतात: सरकारी डॉक्टर कामचुकार आहेत असे मानणारी, आणि बोगस डॉक्टर काही वाईट नसतात असे म्हणणारी. दोघेही मधले वाक्य गाळून वाचतात. एकाच माणसाचे काम जागा बदलताच बदलते, तर दोष त्याच्या डोक्यातल्या माहितीत असू शकत नाही, एवढेच तो अभ्यास खात्रीने सांगतो.

तुमच्या प्रश्नाच्या अधिक जवळचा पुरावा बिहारमधला आहे. ड्यूक विद्यापीठाचे मनोज मोहनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या ग्रामीण उपचारकांना आधी कल्पित प्रसंगातून विचारले, आणि मग त्यांच्याकडे प्रमाणित रुग्ण पाठवले. मुलाला जुलाब असल्यास ओआरएस देऊ, असे तोंडी सांगणारे सुमारे ७२ टक्के होते. प्रत्यक्ष रुग्णाला ते सुमारे १७ टक्क्यांनीच दिले. माझ्या पूर्ण गुणांच्या डॉक्टरांची हीच गोष्ट इथे आकड्यांत आलेली आहे.

ओआरएसच्या बाबतीत हे घडावे यात एक वेगळी खंतही आहे, कारण हे औषध रणधुमाळीत सिद्ध झाले ते आपल्याच भूमीवर. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथल्या निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली, शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले, आणि डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे मिश्रण पिंपांतून नातेवाइकांच्या हाती दिले. छावणीतले मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. मराठीत आपण त्याला जलसंजीवनी म्हटले, ते उगीच नव्हे. तरी २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशात जुलाब झालेल्या सुमारे ६१ टक्के मुलांनाच ओआरएस मिळाल्याचे दिसते.

आता ज्या अभ्यासामुळे मी हे उत्तर एवढे लांबवतो आहे, तो. झॅकरी वॅग्नर, मनोज मोहनन, दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे नीरज सूद आणि इतरांनी कर्नाटक व बिहार इथल्या २५३ गावा-शहरांतल्या २,२८२ खासगी उपचारकांवर केलेला हा प्रयोग फेब्रुवारी २०२४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अंतर आहे हे तोवर सर्वांना ठाऊक झाले होते. हे अंतर कशाकशाचे बनलेले आहे, हे त्यांना वेगळे करून पाहायचे होते. संशयित तीन: दुकानात किंवा दवाखान्यात माल नसणे, ओआरएसमध्ये पैसा न सुटणे, आणि रुग्णालाच ओआरएस नको असते असे डॉक्टरला वाटणे.

तिघांना वेगळे पाडण्याची युक्ती साधी आणि देखणी आहे. निवडक उपचारकांकडे ओआरएसचा साठा आधीच पोहोचवला, म्हणजे माल नाही ही सबब त्यांच्यापुरती संपली. काही प्रमाणित रुग्णांनी सांगितले की औषध मी दुसरीकडून घेणार आहे, तुम्ही फक्त काय घ्यायचे ते सांगा. म्हणजे औषधविक्रीतला नफा बाजूला झाला. आणि काहींनी आपल्या दोन वर्षांच्या मुलाची तक्रार सांगताना ओआरएसच्या पाकिटाचे छायाचित्र दाखवले व मागे हे दिले होते असे सुचवले. म्हणजे हा बाप ओआरएसला नाक मुरडणारा नाही, हे डॉक्टरला कळले. कुठल्या उपचारकाकडे कोणता रुग्ण जाणार हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरलेले होते, त्यामुळे दिसणारा फरक त्या एका गोष्टीचाच मानता येतो.

निकाल असा: ओआरएस न देण्याचा सुमारे ४२ टक्के वाटा डॉक्टरच्या या समजुतीचा निघाला की समोरच्याला ते नको आहे. माल नसण्याचा वाटा ६ टक्के, पैशाच्या प्रलोभनाचा ५ टक्के. रुग्णाने नुसती पसंती दाखवल्याने ओआरएस देण्याचे प्रमाण २७ टक्के-अंकांनी, म्हणजे दर शंभर भेटींमागे २७ने, वाढले. आणि ज्या समजुतीमुळे हे होत होते ती चूक होती: घरोघरच्या पाहणीत ओआरएस चालेल असे म्हणणारे पालक डॉक्टरांच्या अंदाजापेक्षा बरेच जास्त निघाले. "म्हातारी म्हणेल, डॉक्टरने काहीच दिले नाही" हे वाक्य म्हातारीने उच्चारलेले नव्हते. डॉक्टरांनी तिच्या वतीने मनात म्हणून घेतले होते, आणि मीही तिला थांबवून विचारले नाही.

इथे दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगणे माझे काम आहे. पहिली, तिन्ही वाटे मिळून निम्म्याहून थोडे जास्त होतात. उरलेल्या जवळजवळ निम्म्या अंतराचे स्पष्टीकरण या प्रयोगाने दिलेले नाही, त्यामुळे "सगळा खेळ समजुतीचा आहे" असे म्हणत सुटू नये. दुसरी, हा अभ्यास खासगी उपचारकांचा आहे, बाप मुलाला न आणता एकटाच आला होता, आणि तो डॉक्टरला अनोळखी होता. तुमच्या केंद्रात औषध फुकट आहे म्हणून नफ्याचा प्रश्नच नाही. उलट पावसाळ्याच्या तोंडावर साठा संपण्याचा वाटा तुमच्याकडे ६ टक्क्यांपेक्षा मोठाही असू शकेल. आकडा जसाच्या तसा उचलू नका. तीन कारणे वेगळी करून पाहण्याची रीत मात्र उचलण्याजोगी आहे.

हाच धागा आणखी एका अभ्यासात दिसतो. दिल्ली, मुंबई आणि पाटणा इथल्या ६२२ औषध दुकानांत क्षयरोगाचे प्रमाणित रुग्ण पाठवले गेले. मॅकगिल विद्यापीठाचे मधुकर पै यांच्या गटाचे हे काम २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन-तीन आठवड्यांचा खोकला आणि ताप एवढेच सांगणाऱ्या रुग्णाला दुकानदाराने नीट वाट दाखवली, म्हणजे अँटिबायोटिक न खपवता डॉक्टरकडे पाठवले, असे १३ टक्के वेळा झाले. तोच रुग्ण थुंकीच्या तपासणीत क्षयरोग निघाल्याचा कागद हातात घेऊन गेला, तेव्हा हे प्रमाण ६२ टक्के झाले. दुकानदाराचे ज्ञान तेच होते. हातातल्या कागदाने त्याला कामाला लावले. क्षयरोगाची पहिल्या फळीची औषधे मात्र एकाही दुकानदाराने आपणहून दिली नाहीत, हेही नोंदवण्यासारखे आहे, कारण आपण औषध दुकानदारांना सरसकट धारेवर धरतो.

मग प्रशिक्षण वायाच जाते का? नाही. पश्चिम बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्यात, अभिजित बॅनर्जी, रेश्मान हुसाम, दास आणि कोलकात्याचे यकृततज्ज्ञ अभिजित चौधुरी यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पदवी नसलेल्या ३०४ ग्रामीण उपचारकांपैकी निम्म्यांना नऊ महिने, ७२ सत्रे, सुमारे १५० तास प्रशिक्षण मिळाले. सत्रांना सरासरी उपस्थिती ५६ टक्के होती. नंतर प्रमाणित रुग्ण पाठवले असता बरोबर उपचाराचे प्रमाण जवळजवळ आठ टक्के-अंकांनी वाढलेले दिसले, म्हणजे त्यांच्यात आणि तुलनेसाठी घेतलेल्या सरकारी डॉक्टरांत जे अंतर होते त्यातले सुमारे निम्मे भरून निघाले. जिथे खरेच माहीत नव्हते तिथे शिकवण्याने फरक पडला. मात्र अनावश्यक औषधे आणि अँटिबायोटिक देण्याचे प्रमाण काडीनेही हलले नाही. माहितीचा अभाव हे त्याचे कारण नव्हतेच, म्हणून माहितीने ते हलले नाही. या एका प्रयोगात प्रशिक्षणाची ताकद आणि मर्यादा शेजारी-शेजारी दिसतात. आमच्या संस्थेत मी निवृत्तीपर्यंत हाच प्रयोग नव्या प्रशिक्षकांना सांगत असे. त्यांना त्यातला पहिला अर्धा भाग तेवढा आवडायचा.

तुमचे वरिष्ठ यावर देखरेख वाढवण्याचा उपाय सुचवतील, म्हणून त्याबद्दलही. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात बॅनर्जी, एस्तर डुफ्लो आणि रेचल ग्लेनर्स्टर यांनी सेवा मंदिर या संस्थेबरोबर उपकेंद्रांतल्या परिचारिकांची हजेरी वेळेचा शिक्का मारणाऱ्या यंत्राने घेण्याचा प्रयोग केला, आणि गैरहजेरीबद्दल पगार कापण्याची जबाबदारी जिल्ह्याच्या आरोग्य प्रशासनाने घेतली. पहिले सहा महिने हजेरी चांगली वाढली. मग "सूट दिलेले दिवस" वाढू लागले: आज बैठक, उद्या सर्वेक्षण, परवा शिबिर. सोळा महिन्यांनी यंत्र असलेल्या आणि नसलेल्या उपकेंद्रांत फरक उरला नाही. ज्यांनी बायोमेट्रिक यंत्रांचा काळ सरकारी सेवेत काढला आहे, त्यांना यातली प्रत्येक पायरी ओळखीची वाटेल. आणि हजेरी लागली तरी खुर्चीवर बसलेला माणूस केसपेपरवर काय लिहील, हे ते यंत्र सांगत नाही.

यादीचा उपायही असाच नीट पाहायला हवा. उत्तर प्रदेशातल्या २४ जिल्ह्यांत १२० प्रसूती केंद्रांवर सुरक्षित प्रसूतीच्या तपासणी यादीचा आणि तिच्याबरोबर आठ महिने मार्गदर्शक पाठवण्याचा प्रयोग हार्वर्डशी संलग्न गटाने केला. मूळच्या यवतमाळकडच्या घराण्यातले अतुल गवांदे हे या यादीच्या कल्पनेचे एक प्रमुख पुरस्कर्ते. दीड लाखांहून अधिक प्रसूतींचा हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. मार्गदर्शक जात होते तेव्हा, दुसऱ्या महिन्याच्या मोजणीत, आवश्यक कृतींपैकी ७२.८ टक्के होत होत्या, तर यादी नसलेल्या केंद्रांत ४१.७ टक्के. मार्गदर्शक थांबल्यानंतर, बाराव्या महिन्यात, हे प्रमाण ६१.७ आणि ४३.९ टक्क्यांवर आले. पण बाळाचा किंवा मातेचा मृत्यू, वा मातेची गंभीर गुंतागुंत, यांचे एकत्रित प्रमाण एकीकडे १५.१ आणि दुसरीकडे १५.३ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच राहिले. कृती सुधारल्या, ज्याच्यासाठी त्या करायच्या ते हाती लागले नाही. गुंतागुंत झालेल्या बाईला पुढे पाठवले तर तिथे रक्त आहे का, भूलतज्ज्ञ आहे का, गाडी मिळते का, हे यादीच्या हातात नसते. एवढा मोठा आणि एवढा प्रामाणिक अपयशाचा अहवाल छापून आला, याबद्दल त्या गटाचे मला कौतुक वाटते. आपल्याकडे यशस्वी ठरलेल्या प्रायोगिक प्रकल्पांच्या पुस्तिका निघतात, बाकीच्यांच्या फायली निघतात.

एका केंद्रात काय करता येईल, हा तुमचा खरा प्रश्न. प्रथम मोजा, आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. गेल्या जुलैच्या ओपीडी नोंदवहीतून पाच वर्षांखालच्या जुलाबाच्या मुलांची संख्या काढा आणि त्याच महिन्याच्या साठा नोंदवहीतून ओआरएस व झिंक किती गेले ते काढा. दर मुलामागे दोन पाकिटे आणि १४ दिवसांचे झिंक, सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम आणि त्याखालच्याला १० मिलिग्रॅम, हा हिशेब लावून दोन्ही आकडे शेजारी मांडा. मी एका केंद्रात असे मांडले, तेव्हा मुले ९४ आणि गेलेली पाकिटे ३१ निघाली, आणि त्या ३१ पैकी काही उन्हाने चक्कर आलेल्या शेतमजुरांना दिली होती, हे औषध निर्माण अधिकाऱ्याने नंतर सांगितले.

मग कारणे वेगळी करा. साठा टेबलावर आहे की भांडारात कुलपात? एवढ्यानेही फरक पडतो, कारण बाजाराच्या दिवशी दीडशे रुग्णांच्या रांगेत कोणी कुलूप उघडायला उठत नाही. पाकीट तुमच्या हाताशी, पाण्याची एक लिटरची बाटली आणि पेला शेजारी, एवढे केले तर साठ्याचे कारण निकालात निघाले. त्यानंतरही आकडा हलला नाही, तर उरलेले कारण तुमच्या मनातल्या म्हातारीचे आहे, आणि तिला विचारण्याखेरीज मार्ग नाही. पंधरा दिवस प्रत्येक पालकाला लिहून देण्याआधी विचारा: "मागच्या वेळी काय दिले होते? ओआरएस पाजले होते का? पुन्हा देऊ का?" उत्तरे केसपेपरच्या कोपऱ्यात एका अक्षराने टिपा. नको म्हणणारे निघतीलच. किती, हे तुमच्या गावाचे उत्तर असेल आणि ते कर्नाटक-बिहारच्या आकड्यापेक्षा तुमच्या अधिक उपयोगाचे असेल.

खासगी दवाखान्यांवर तुमचा अधिकार चालत नाही, पण रुग्णाच्या जिभेवर आशाताईंचा चालतो, आणि २०२४ च्या अभ्यासाचा सर्वांत स्वस्त वापर हाच आहे. आजवर आशाताईंना आपण शिकवले ते आईला ओआरएसचे फायदे सांगायला. त्यांना आता एक वाक्य शिकवा, जे आईने दवाखान्यात जाऊन म्हणायचे: "डॉक्टर, याला मागे ओआरएसने बरे वाटले होते, तेच द्या." गृहभेटीला गेल्यावर हे वाक्य आईकडून एकदा म्हणवून घ्या. ते ऐकले की डॉक्टरला अंदाज बांधत बसावे लागत नाही. वाक्याबरोबर पाकिटाची ओळखही द्या, कारण ओआरएस असे नाव छापलेली गोड पेये दुकानांत सर्रास मिळत होती. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने पेयांच्या नावात तो शब्द वापरण्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदी आणली, पण ती सवय दुकानाच्या फळीवरून एका आदेशाने जात नाही. आणि पाकीट कशात मिसळायचे ते दाखवाच. एक लिटरचे पाकीट पेलाभर पाण्यात कालवून पाजलेले मी स्वतः पाहिले आहे. ते खारट पाणी पोराने थुंकले, आणि घरात ठरले की याला ओआरएस मानवत नाही.

खासगी डॉक्टरांना बोलावून भाषण देण्याऐवजी, तुमच्या पंधरा दिवसांच्या टिपणातला आकडा त्यांना दाखवा, म्हणजे इतक्या पालकांना विचारले आणि इतके हो म्हणाले. परिषदेतल्या तज्ज्ञापेक्षा शेजारच्या गावच्या गिऱ्हाइकाची पसंती त्यांना लवकर पटेल. त्यांतल्या एक-दोघांना तरी हा आकडा खोटा वाटेल. त्यांना म्हणा, तुम्हीही आठवडाभर विचारून पाहा.

त्या बाजाराच्या दिवशीच्या डॉक्टरांना मी पुढे सात-आठ महिन्यांनी भेटलो, तेव्हा त्यांच्या टेबलावर ओआरएसच्या पाकिटांनी भरलेली बरणी होती. ती मी सुचवलेली नव्हती. एका आईने आपणहून पाकीट मागितले, ते शोधायला त्यांना भांडारात जावे लागले, आणि परत येईपर्यंत रांग पार फाटकापर्यंत गेली, म्हणून त्यांनी ती भरून ठेवली होती.